गरिबाच्या वकिलामागे कोण उभे आहे?

कोर्टात न्यायाधीश आरोपीला विचारतात, "वकील दिला आहे का?" आरोपी नाही म्हणून मान हलवतो. मग सरकारी खर्चाने वकील नेमला जातो, कागदावर तशी नोंद होते आणि पुढची तारीख पडते. बाहेर बाकावर बसलेल्या घरच्या माणसांना वाटते, चला, वकील मिळाला, आता काळजी मिटली. पण त्या वकिलाने तुरुंगात जाऊन कैद्याची भेट घेतली का? चार्जशीट नीट वाचली का? साक्षीदार कुठे राहतात, घटनेची जागा कशी आहे, हे पाहिले का? आणि मुख्य म्हणजे, हे सगळे त्याने केले की नाही, हे विचारणारा त्याच्यावर कोणी आहे का?

विहाराच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सरळ आहे. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी तीन माणसे कच्चे कैदी होती. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, अशी. ती कुठल्या वस्त्यांतून येतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून गरिबांच्या वकिलाचा इतिहास हा आपल्याही कामाचा इतिहास आहे. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, पण त्याचा धागा आपल्या जिल्हा कोर्टापर्यंत येऊन पोचला आहे. तो क्रमाने पाहू.

सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही

मार्च १९३१ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या मुलांना पोलिसांनी उतरवले. दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. स्कॉट्सबरो या गावी खटला उभा राहिला. अटकेपासून दोन आठवडे होण्याच्या आत सुनावणी सुरू झाली आणि चार दिवसांत नऊपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

आता गंमत बघा, या मुलांना वकील नव्हता असे कागदावर म्हणता येत नाही. न्यायाधीशांनी गावातल्या सगळ्याच वकिलांना त्यांच्या बाजूने नेमले होते! पण सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच काम नाही. प्रत्यक्ष सुनावणीच्या सकाळपर्यंत कोणी एक जण जबाबदारी घेऊन उभा राहिला नाही. तयारी नाही, चौकशी नाही, आरोपींशी धड बोलणेही नाही. १९३२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या शिक्षा रद्द केल्या. नुसता नावाला वकील देऊन भागत नाही, त्याची मदत परिणामकारक असली पाहिजे, असे कोर्टाने म्हटले. पुढे या मुलांवर पुन्हा खटले चालले आणि त्यांतल्या कित्येकांची वर्षेच्या वर्षे तुरुंगात गेली. पण वकील 'असणे' आणि वकिलाने 'काम करणे' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या खटल्याने जगापुढे मांडले.

हीच गोष्ट एका बाईने त्याच्या चाळीस वर्षे आधी सांगून ठेवली होती. क्लारा फोल्ट्झ ही पाच मुलांची आई, १८७८ साली कॅलिफोर्निया राज्यातली पहिली स्त्री वकील झाली. गरीब आरोपींचे काम तिने स्वतः केले. फी नाही, वेळ नाही, अनुभव नाही, अशा नेमलेल्या वकिलांमुळे निरपराध माणसेही कशी अडकतात हे तिने जवळून पाहिले. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात भरलेल्या कायदेविषयक परिषदेत तिने भूमिका मांडली, की आरोप सिद्ध करायला सरकार पगारी वकील ठेवते, तर बचाव करायलाही सरकारनेच पगारी वकील ठेवला पाहिजे. यालाच पुढे 'पब्लिक डिफेंडर' म्हणू लागले. आपण त्याला सार्वजनिक बचाव वकील म्हणू. असे पहिले कार्यालय १९१४ साली लॉस एंजेलिस येथे सुरू झाले.

तुरुंगातून आलेले पत्र

तरीही हे सगळ्या देशाचे कर्तव्य ठरायला १९६३ साल उजाडावे लागले. क्लॅरन्स गिडियन या फ्लोरिडातल्या एका फाटक्या माणसावर पूल रूममध्ये, म्हणजे बिलियर्डसारखा खेळ खेळायच्या जागी, चोरी केल्याचा आरोप होता. त्याने कोर्टात वकील मागितला, तो नाकारण्यात आला. कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसाने स्वतःच स्वतःचा खटला चालवला आणि पाच वर्षांची शिक्षा घेतली. तुरुंगात बसून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि थेट सुप्रीम कोर्टाला पाठवला. १८ मार्च १९६३ रोजी कोर्टाने एकमताने निकाल दिला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खटला पुन्हा चालला. या वेळी फ्रेड टर्नर नावाचे स्थानिक वकील गिडियनच्या बाजूला होते. त्यांना गाव माहीत होते, माणसे माहीत होती. त्यांनी तयारी केली आणि सरकारी बाजूच्या मुख्य साक्षीदाराला उलटतपासणीत धरले. एवढ्या पहाटे तू त्या जागेच्या बाहेर काय करत होतास, हा प्रश्न पहिल्या खटल्यात कुणी नीट लावून धरला नव्हता. ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले. माणूस तोच, आरोप तोच, साक्षीदारही बहुतेक तेच. फरक पडला तो तयारीने आलेल्या वकिलाचा.

या निकालानंतर अमेरिकेत जागोजाग बचाव कार्यालये निघाली. आणि मग दुसरा प्रश्न उभा राहिला. हक्क मिळाला, कार्यालये झाली, नुकतीच कायद्याची पदवी घेतलेली तरुण मुले-मुली कामाला लागली. पण एकेकाच्या टेबलावर शेकडो फायली! नवा वकील सकाळी कोर्टात येतो, व्हरांड्यात अशिलाला पहिल्यांदा पाहतो, पाच मिनिटे बोलतो आणि गुन्हा कबूल करून टाक म्हणून सांगतो. हक्क मिळूनही पदरात काय पडले?

चूक झाल्यावर की होण्याआधी?

यावर एक उपाय म्हणजे, वकिलाने वाईट काम केले तर अपिलात दाद मागायची. १९८४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याची कसोटी ठरवली. वकिलाचे काम वाजवी दर्जापेक्षा खाली होते, हे दाखवायचे. शिवाय तसे नसते तर निकाल वेगळा लागण्याचा संभव होता, हेही दाखवायचे. ऐकायला बरे वाटते, पण गरिबाच्या हातून हे सिद्ध होणे महाकठीण. टेक्सासमध्ये १९८४ सालीच फाशीची शिक्षा झालेल्या एका आरोपीचा वकील खटला चालू असताना वारंवार झोपत असे. झोपलेला वकील हा वकीलच नव्हे, हे वरिष्ठ कोर्टाकडून कायमचे मान्य करून घ्यायला २००१ साल उजाडले. सतरा वर्षे!

दुसरा उपाय मात्र चूक होण्याआधीचा आहे. तो म्हणजे देखरेख. आमच्या मते गिडियनच्या निकालाइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, पण तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, कारण तिच्यात नाट्य नाही. ती फायलींमध्ये आणि बंद खोलीतल्या चर्चेत होते.

वॉशिंग्टन शहरात १९६० साली सुरू झालेल्या कायदा मदत संस्थेचे १९७० साली 'पब्लिक डिफेंडर सर्व्हिस' झाले. १९६८ ते १९७२ या काळात बार्बरा बॅबकॉक या तिच्या प्रमुख होत्या. (पुढे याच बाईंनी क्लारा फोल्ट्झचे मोठे चरित्र लिहिले, हाही एक सुंदर योग.) या संस्थेचे नाव झाले ते तिच्या शिस्तीमुळे. नव्या वकिलाला आधी काही आठवडे शिक्षण द्यायचे आणि मगच खटला द्यायचा. सुरुवातीला अल्पवयीन मुलांचे खटले, मग अनुभव वाढेल तसे मोठे गुन्हे. आणि कुणाच्याही डोक्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त फायली टाकायच्या नाहीत.

वरिष्ठाने करायचे तरी काय?

देखरेख म्हणजे हजेरीपटावर सही घेणे नव्हे, की ज्युनिअरला चारचौघांत झापणे नव्हे. चांगल्या बचाव कार्यालयात वरिष्ठ वकील साधारण पाच कामे करतो.

पहिले, तो फायली बघतो. अशिलाला पहिल्यांदा कधी भेटलास? जामिनाचा अर्ज कधी दिला? घटनेच्या जागेवर कोण जाऊन आले? पोलिसांच्या कागदांतली कुठली गोष्ट एकमेकांशी जुळत नाही? फाईल कोरी असेल तर खटला कोर्टात जाण्याआधीच ते उघडे पडते.

दुसरे, तो खटल्याची रंगीत तालीम घेतो. नाटकवाले प्रयोगाआधी घेतात ना, तशीच. एक सहकारी साक्षीदार होतो, दुसरा न्यायाधीश. ज्युनिअर उलटतपासणी करतो आणि बाकीचे त्यातल्या फटी दाखवतात. नको तो प्रश्न इथे विचारला गेला तर हसण्यावारी जातो, कोर्टात विचारला गेला तर माणूस आत जातो.

तिसरे, तो कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि ऐकतो. अवघड खटला असेल तर ज्युनिअरच्या शेजारी बसतो, पण बोलायचे त्यालाच देतो. नंतर दोघे बसून काय बरे झाले, काय राहिले, हे बोलतात. इथे एक पथ्य फार महत्त्वाचे. गुन्हा कबूल करायचा की खटला लढवायचा, स्वतः साक्ष द्यायची की नाही, हे निर्णय अशिलाचे आहेत. ते ज्युनिअरने घ्यायचे नाहीत आणि वरिष्ठानेही नाहीत.

चौथे, तो ज्युनिअरच्या पाठीशी उभा राहतो. तारीख मागितली म्हणून न्यायाधीश चिडले, तर तरुण वकील घाबरून जातो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो. त्याचे गप्प बसणे अशिलाला महाग पडते. अशा वेळी वरिष्ठ पुढे होऊन सांगतो, की हा वेळ आम्हाला हवाच आहे.

पाचवे आणि सगळ्यांत कठीण काम म्हणजे 'आता नवे खटले घेणार नाही' असे म्हणणे. १९७३ साली तिथल्या एका राष्ट्रीय सल्लागार आयोगाने मर्यादा सुचवली होती. एका वकिलाने वर्षाला फार तर १५० मोठे किंवा ४०० छोटे गुन्हे हाताळावेत. वर्षाचे कामाचे तास सुमारे दोन हजार धरले तर ४०० खटल्यांत एकेका माणसाच्या वाट्याला पाच तास येतात. भेट, कागद, चौकशी, कोर्ट, सगळे त्यातच! आणि कित्येक ठिकाणी ही मर्यादासुद्धा पाळली गेली नाही. २०२३ साली रँड ही संशोधन संस्था, अमेरिकन बार असोसिएशन आणि इतरांनी मिळून नवे आकडे काढले. अगदी हलक्या गुन्ह्यालाही सरासरी १३.८ तास लागतात आणि जिथे मरेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते तिथे २८६ तास. म्हणजे छोटे खटले वर्षाला दीडशेच्या आत आणि सगळ्यांत गंभीर खटले फक्त सात.

२००२ साली अमेरिकन बार असोसिएशनने बचाव यंत्रणेची दहा तत्त्वे जाहीर केली. त्यांतले दहावे तत्त्व वकिलांवर देखरेख आणि त्यांच्या कामाची नियमित तपासणी हेच होते. २००६ साली त्याच संस्थेने आणखी पुढे जाऊन सांगितले, की पेलत नाही इतके काम लादणारा वरिष्ठही आपल्या व्यवसायधर्मात चुकतो. मायामी येथील कार्यालयाने २००८ साली कोर्टाला स्पष्टच सांगितले, की आणखी खटले घेतले तर आम्ही नीट बचाव करू शकत नाही. पाच वर्षे भांडल्यावर, २०१३ साली, फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली. ज्या राज्यात गिडियनला वकील नाकारला गेला, त्याच राज्यात 'वकिलाला पुरेसा वेळ हवा' हे मान्य झाले. मधे पन्नास वर्षे गेली.

वस्तीतले कार्यालय

आता या इतिहासातला आपल्याला सगळ्यांत जवळचा भाग. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या लगतच हार्लेम ही काळ्या लोकांची मोठी वस्ती आहे. १९९० साली व्हेरा इन्स्टिट्यूट या संस्थेने तिथे एक नवे बचाव कार्यालय काढले. ते कोर्टाच्या आवारात काढले नाही, वस्तीत काढले. पोलिसांनी मुलाला उचलल्यावर आई थेट तिथे जाऊ शकत होती. न्यायाधीशांनी वकील नेमेपर्यंत थांबायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे, खटला एकट्या वकिलाचा नव्हता, तो सबंध गटाचा होता. वकील, चौकशी करणारा, वस्तीत फिरणारा कार्यकर्ता, असे सगळे मिळून. एक वकील आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला तरी फाईल पोरकी होत नसे. गटाच्या प्रमुखाला प्रत्येक खटल्याची माहिती असे. मुलाची नोकरी जाईल का, घर जाईल का, शाळा सुटेल का, हेही बघितले जाई, कारण गरिबाच्या घरात एक खटला आला की त्याच्या मागोमाग दहा संकटे येतात.

१९९७ साली शेजारच्या ब्रॉन्क्स भागात याच विचाराचे दुसरे कार्यालय निघाले. त्याच्या कामाचा मोठा अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला. दहा वर्षांतले पाच लाखांहून अधिक खटले तपासले गेले. दोषी ठरण्याचे प्रमाण फारसे बदलले नाही, हे अभ्यासकांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण तुरुंगवास होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि शिक्षेची अपेक्षित मुदत २४ टक्क्यांनी कमी झाली. माणसांचे तुरुंगातले जवळपास ११ लाख दिवस वाचले. एक दिवस म्हणजे एक रोजगार, एक बाप घरी. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि आपल्याकडे

आपल्याकडे हा हक्क मूलभूत हक्कांत आला तो बाबासाहेबांमुळे. घटनेच्या मसुद्यात अटक झालेल्या माणसाला पुरेसे संरक्षण नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत नवे कलम मांडले. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. तेच आजचे कलम २२. पण वकिलाला फी कोण देणार? त्यासाठी १९७६ साली कलम ३९-अ आले. १९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोफत वकील ही मेहेरबानी नसून राज्याचे कर्तव्य आहे, असे ठणकावले. १९८३ साली मुंबईच्या कोठडीतील स्त्रियांसंबंधी शीला बर्से यांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली. त्या खटल्यात, अटक होताच पोलिसांनी कायदा मदत समितीला कळवावे, असा आदेश झाला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला.

हक्क तर झाला. पण देखरेख? २०१३ साली मध्य प्रदेशात खंडवा येथे लहान मुलीवरील अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात आरोपीला मोफत वकील दिला गेला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांत फाशीची शिक्षा झाली. स्कॉट्सबरोची आठवण येते की नाही? २०१९ साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असेही कोर्टाने सांगितले. अखेर २०२४ साली तो माणूस निर्दोष सुटला. मधली अकरा वर्षे त्याला कोण परत देणार? आणि त्या मुलीच्या आईबापांना तरी न्याय कुठे मिळाला? वाईट बचावाने आरोपीचे नुकसान होते, तसे खऱ्या न्यायाचेही होते.

२०२२ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्या-जिल्ह्यांत बचाव वकिलांची पूर्णवेळ कार्यालये सुरू करण्याची योजना आणली. त्यात दहा वर्षांच्या अनुभवाचा मुख्य बचाव वकील, सात वर्षांच्या अनुभवाचा उपमुख्य आणि त्यांच्या हाताखाली नवे साहाय्यक अशी रचना आहे. त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. म्हणजे देखरेख करायला माणूस आता जागेवर आहे. तो फायली बघतो का, तालीम घेतो का, नको इतके काम आले तर नाही म्हणतो का, यावर या योजनेचे भवितव्य आहे.

आपण मात्र नुसते बघत बसू नये. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल आणि कोठडीतला माणूस यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. वकील मिळाला की घरच्यांनी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जावे आणि नम्रपणे, पण न घाबरता चार गोष्टी विचाराव्यात. आमच्या माणसाला वकील कधी भेटले? जामिनाचे काय झाले? साक्षीदारांची माहिती आम्ही कुणाला द्यायची? आणि या वकिलांचे वरिष्ठ कोण? चौथा प्रश्न विसरू नका. ज्या वस्तीतून तो वारंवार विचारला जाईल, त्या वस्तीतल्या माणसाची फाईल कोरी राहणे अवघड होईल.